फुगलेल्या बाटल्या आणि ‘केमिकल फ्री’ लेबल: एका बॅचचं पूर्ण प्रकरण

अकराव्या दिवशी सकाळी खोक्यातल्या पहिल्या बाटलीचं झाकण उडालं आणि दुपारपर्यंत ताईंच्या लक्षात आलं की एकच बाटली नाही, अख्खी बॅच फुगलीये. मला फोन आला तेव्हा त्यांचा आवाज पार रडवेला झाला होता. "अगं, या वेळी तर मी एक थेंबसुद्धा केमिकल घातलं नाही, उलट सगळं नैसर्गिक घातलं, मग असं का झालं?" तो ‘उलट’ शब्द माझ्या डोक्यात अडकून राहिला.

मी फूड टेक्नॉलॉजी शिकलेय आणि छोट्या उत्पादकांना रेसिपी, टिकाऊपणा, लेबल अशा गोष्टींत मदत करते. हे प्रकरण ताईंना विचारूनच लिहितेय, नावगाव काही देत नाही. त्या सफरचंदाच्या रसाचं पेय करतात, २०० मिली आणि १ लिटर अशा दोन बाटल्या.

मूळ रेसिपी साधी होती. सफरचंदाचा रस, बऱ्यापैकी लिंबाचा रस, साखर, आलं, ८५ अंशांना गरम करून गरमच बाटलीत भरायचं, आणि लिटरमागे १२० मिलिग्रॅम बेन्झोइक आम्ल होईल इतकं सोडियम बेन्झोएट, म्हणजे पेय टिकवणारा प्रिझर्व्हेटिव. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ३.५. दोन वर्षं एकही तक्रार नाही. मग दोन बदल झाले, काही महिन्यांच्या अंतराने, आणि गंमत म्हणजे दोन्ही ग्राहकांच्या प्रेमापोटीच झाले.

पहिला बदल: मुलांना आंबट लागतं म्हणून लिंबू कमी केलं आणि रंग छान यावा म्हणून गाजराचा रस घातला. गाजराचा रस जवळपास आम्लहीन असतो, त्याचा स्वतःचा पीएच ६ च्या वर असतो, त्यामुळे पेयाचा पीएच ३.५ वरून ४.३ वर गेला. बेन्झोएट तेवढंच ठेवलं. ताईंकडे पीएच बघायला कागदाच्या पट्ट्या होत्या, १ ते १४ वाल्या, त्यात ३.५ आणि ४.३ चा रंग साध्या डोळ्यांना जवळजवळ सारखाच दिसतो, त्यामुळे काही बदललंय हे त्यांना कळलंच नाही. या काळात "उघडल्यावर तिसऱ्या दिवशी जरा फसफसलं" अशा दोन-तीन तक्रारी आल्या होत्या, पण ग्राहकाने बाहेर ठेवली असेल म्हणून विषय तिथेच सुटला.

दुसरा बदल: "यात केमिकल आहे का?" हा प्रश्न रोज यायला लागला. मग ताईंनी बेन्झोएट काढलं, त्याऐवजी लवंगेचं तेल आणि रोझमेरीचा अर्क घातला, साखरेऐवजी मध घातला, आणि चव ताजी राहावी म्हणून ८५ ऐवजी ६५ अंशांवर भरायला सुरुवात केली. लेबलवर मोठ्या अक्षरांत ‘केमिकल फ्री’. हीच बॅच फुगली.

मी गेले तेव्हा पहिलं काम म्हणजे सगळ्या बाटल्या वेगळ्या काढल्या, टॉवेलात गुंडाळून एकेक झाकण हळूहळू सैल केलं कारण आत दाब भरपूर होता, काचेची बाटली असती तर मी हातही लावू दिला नसता. वास घेतला तर ब्रेडच्या पिठासारखा आणि थोडा दारूसारखा. तळाला पांढरट गाळ. चव अर्थातच कुणी घ्यायची नाही. पीएच मोजला, माझ्या मीटरवर, ४ आणि ७ च्या बफरने (पक्का पीएच माहीत असलेल्या द्रावणाने) कॅलिब्रेट करून, तर ४.२, म्हणजे फारसा हललेला नाही. बॅक्टेरियांनी आम्ल केलं असतं तर तो बराच खाली आला असता. मायक्रोस्कोपखाली गाळाचा थेंब ठेवला आणि उत्तर समोर आलं: अंडाकृती पेशी, काहींना बाजूला छोटी कळी फुटलेली. यीस्ट. साखर खायची, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडायचा, तेच काम त्यांनी बाटलीत केलं होतं.

आता ताईंचा खरा प्रश्न, की आधी का झालं नाही. इथे मी जरा थांबून सांगते, कारण बेन्झोएट कसं काम करतं हे समजलं की निम्मं प्रकरण उलगडतं.

सोडियम बेन्झोएट पाण्यात गेलं की त्याची दोन रूपं होतात, एक विद्युतभारित आणि एक भार नसलेलं म्हणजे अखंड आम्ल. यीस्टच्या पेशीच्या आवरणातून फक्त भार नसलेलं रूप आत शिरतं. आत शिरल्यावर तिथलं वातावरण कमी आंबट असल्यामुळे ते फुटतं, प्रोटॉन सोडतं, पेशीच्या आत आम्ल वाढतं आणि ते बाहेर फेकण्यात पेशीची सगळी ताकद खर्च होते, वाढायला काही उरतच नाही. आणि भार नसलेलं रूप किती असणार हे पूर्णपणे पीएचवर ठरतं. बेन्झोइक आम्लाचा पीकेए ४.२, म्हणजे पीएच ४.२ ला निम्मं निम्मं. ३.५ ला साधारण ८३ टक्के कामाचं असतं, ४.३ ला ४४ टक्के, ५ ला जेमतेम १४ टक्के. ताईंच्या भाषेत सांगायचं तर जुन्या रेसिपीत १२० पैकी १०० मिलिग्रॅम कामाला होते, गाजर आल्यावर तेवढंच घालूनही फक्त ५३ उरले. डब्यातून चमचा तोच निघत होता, बाटलीत पहारेकरी निम्मे झाले होते.

हे कागदावर काढून दाखवलं तेव्हा ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बिघडायला आधीच सुरुवात झाली होती." हो. फसफसण्याच्या त्या दोन-तीन तक्रारी म्हणजे पहिली घंटा होती.

तरीही त्या काळात बंद बाटल्या टिकल्या, कारण ८५ अंश. गरम भरल्यामुळे बहुतेक यीस्ट मरत होतं आणि बाटली आडवी केली की झाकणही भाजून निघत होतं. ६५ वर आल्यावर तो आधारही गेला. रस भांड्यात ६५ ला होता पण बाटलीत पडेपर्यंत आणखी उतरला, झाकणाची आतली बाजू तर कधी तापलीच नाही. आणि भरायच्या नळाचं रबरी वॉशर मी उघडून बघितलं तर आत चिकट थर. म्हणजे नळातून दर बाटलीत ताजं यीस्ट जात होतं. ही गोष्ट मी प्रत्येक ठिकाणी घसा कोरडा होईस्तोवर सांगते: प्रिझर्व्हेटिव बहुतेक वेळा जंतूंना मारत नाही, वाढायचं थांबवतो. सुरुवातीलाच जंतू कमी असतील तर तो महिनोन् महिने झुंजतो, सुरुवातीलाच हजारोंनी आले तर कोणताही प्रिझर्व्हेटिव, नैसर्गिक असो की कारखान्यातला, हरणार. काही यीस्ट तर बेन्झोएट आणि सॉर्बेट (तसाच दुसरा प्रिझर्व्हेटिव) यांनाही पुरून उरतात, झायगोसॅकॅरोमायसिस बेलीआय हे त्यातलं सगळ्यात कुप्रसिद्ध, शीतपेयांच्या कारखान्यांत त्याची खरी दहशत असते कारण नेहमीच्या परवानगीच्या प्रमाणातही ते वाढू शकतं. त्याला नळातच अडवावं लागतं.

आता ‘नैसर्गिक’ बदल्यांबद्दल.

रोझमेरीचा अर्क. यावर ताईंनी सगळ्यात जास्त विश्वास ठेवला होता आणि तो या पेयात जवळजवळ काहीच करत नव्हता. रोझमेरीतलं कार्नोसिक आम्ल हे उत्तम अँटिऑक्सिडंट आहे, तेल-तूप खवट होऊ देत नाही. पण सफरचंदाच्या रसात खवट व्हायला चरबीच नाहीये! "नैसर्गिक प्रिझर्व्हेटिव" या एकाच नावाखाली दोन वेगळी कामं विकली जातात, एक ऑक्सिजनपासून वाचवणं आणि एक जंतूंपासून वाचवणं, आणि विकणाराही बऱ्याचदा सांगत नाही की हे कोणतं. व्हिटॅमिन ई चंही तेच. पुरवठादाराला पहिला प्रश्न हाच विचारा की हे कशाविरुद्ध काम करतं.

लवंगेचं तेल. त्यातलं युजेनॉल जंतूंविरुद्ध खरंच काम करतं, प्रयोगशाळेच्या ताटलीत तर झकास करतं. पण ते पाण्यात नीट विरघळत नाही, वेगळंच राहतं, आणि यीस्ट थांबेल इतकं घातलं तर पेय दाताच्या दवाखान्यासारखं लागतं. ताईंनी चवीला चालेल इतकं घातलं होतं, म्हणजे यीस्टलाही चालेल इतकं.

आणि मध. इथे माझ्या पोटात खड्डा पडला. मधात साखर खूप आणि मोकळं पाणी अगदी कमी म्हणून मध स्वतः टिकतो, पण तो पेयात मिसळून पातळ केला की ते संरक्षण संपलं, उरते ती फक्त साखर, आणि शिवाय मधासोबत साखर सहन करणारी यीस्टं येऊ शकतात ती वेगळीच. पण खरी भीती दुसरी होती. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या विष बनवणाऱ्या बॅक्टेरियाचे बीजाणू, म्हणजे त्यांची कडक कवचातली झोपलेली रूपं, असू शकतात. मोठ्या माणसाला त्याने काही होत नाही, पण एक वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात ते रुजू शकतात आणि विष तयार करू शकतात, म्हणून एक वर्षापर्यंत बाळाला मध द्यायचाच नाही असं डॉक्टर सांगतात. पेय ६५ ला काय किंवा ८५ ला काय, या बीजाणूंना त्याने फरक पडत नाही. मी ताईंना सहज विचारलं, "लहान बाळासाठी कुणी घेतलंय का हो?" त्या आठवून म्हणाल्या की एका आईने दहा महिन्यांच्या बाळाला देऊ का विचारलं होतं, आणि केमिकल नाही म्हणून आपण बिनधास्त हो म्हणालो. आम्ही सगळं काम बाजूला ठेवून आधी त्या बाईंना फोन लावला. बाळ ठीक होतं, त्याने दोन घोट घेऊन बाटली ढकलून दिली होती. पण बद्धकोष्ठता, रडण्याचा आवाज क्षीण होणं, दूध ओढायला न येणं, मान टाकणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच डॉक्टरकडे जा आणि मध दिल्याचं सांगा, एवढं सगळं ताईंनी स्वतः त्यांना सांगितलं आणि मग ज्यांचे नंबर होते त्या प्रत्येकाला फोन करून बॅच परत मागवली. मला त्यांचा त्या दिवशी फार आदर वाटला.

गाजरामुळे आणखी एक धोका डोकावत होता. बोट्युलिनम पीएच ४.६ च्या खाली वाढत नाही, म्हणून आपण ४.३ वर वाचलो, पण अंतर किती कमी बघा, पुढच्या वेळी आणखी थोडं गाजर, आणखी थोडं कमी लिंबू, आणि आपण त्या रेषेपलीकडे. २००६ साली अमेरिका आणि कॅनडात बाटलीबंद गाजराच्या रसातून बोट्युलिझम, म्हणजे याच विषाची बाधा, झाला होता, लोक व्हेंटिलेटरवर गेले. तो रस पाश्चराइझ केलेला होता, पण आम्ल नव्हतं आणि फ्रिजबाहेर राहिल्यावर बीजाणूंना थांबवणारं दुसरं काहीही त्यात नव्हतं. फुगलेली बाटली निदान ओरडून सांगते की मी खराब झालेय. बोट्युलिनमचं विष वास, चव, रूप यातलं काहीही न बदलता असू शकतं.

मग आम्ही चाचणी लावली. नळाची वॉशर बदलली, पाइप उकळत्या पाण्याने धुऊन काढले, आणि चार प्रकार भरले: पीएच ४.३ ला ६५ अंश, पीएच ४.३ ला ८८ अंश, पीएच ३.६ ला ८८ अंश, आणि पीएच ३.६ ला ८८ अंश अधिक प्रिझर्व्हेटिव. कुठल्याच प्रकारात मध, लवंग, रोझमेरी नाही. ८८ वाल्या बाटल्या भरल्यावर ३ मिनिटं उलट्या ठेवल्या. सगळ्या ३० अंशांना ठेवल्या आणि रोज वहीत नोंद. पहिला प्रकार दुसऱ्या आठवड्यात फुगला, बाकीचे बंद असताना दोन महिन्यांनंतरही ठीक होते. म्हणजे बंद बाटलीला प्रिझर्व्हेटिव लागतच नव्हता! उष्णता, आम्ल आणि स्वच्छता एवढ्यावर ती टिकत होती. हे बघून ताईंचा चेहरा खुलला, आणि खरं सांगते, माझाही.

पण मग बाटल्या उघडल्या. घरात होतं तसंच, रोज थोडं ओतायचं, झाकण लावायचं, परत फ्रिजमध्ये. पीएच ४.३ वाली पाचव्या दिवशी फसफसली, ३.६ वाली नवव्या दिवशी, प्रिझर्व्हेटिव असलेली तीन आठवडे शांत. म्हणजे प्रिझर्व्हेटिवची गरज कारखान्यात नव्हती, ग्राहकाच्या फ्रिजमध्ये होती, आणि तीही फक्त १ लिटरच्या बाटलीला. २०० मिली तर एका बसण्यात संपते.

आता कोणता प्रिझर्व्हेटिव? माझं पहिलं उत्तर बेन्झोएट होतं, जुनं आणि ओळखीचं. मग मीच मागे घेतलं. बेन्झोएट आणि व्हिटॅमिन सी एकत्र आले की उष्णता आणि प्रकाशात त्यातून अगदी थोडं बेन्झीन तयार होऊ शकतं, आणि बेन्झीन कॅन्सरकारक आहे. शीतपेय उद्योगाला हे १९९० पासून माहीत आहे, २००५-०६ मध्ये पुन्हा तपासण्या झाल्यावर काही कंपन्यांनी रेसिपी बदलल्या. प्रमाण मायक्रोग्रॅममध्ये असतं, पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. ताई म्हणाल्या, "पण आपण व्हिटॅमिन सी घालतच नाही." लिंबात असतं की, ताई. फळातून आलेलं व्हिटॅमिन सी आणि पुडीतलं व्हिटॅमिन सी, बेन्झोएटला दोन्ही सारखेच. म्हणजे जी जुनी रेसिपी मी मनात आदर्श धरून बसले होते, तिच्यातही एक दुखणं होतं आणि ते मला आधीच दिसायला हवं होतं.

म्हणून पोटॅशियम सॉर्बेट घेतलं. त्याचा पीकेए ४.७६, म्हणजे पीएच थोडा वर सरकला तरी ते बेन्झोएटपेक्षा जास्त कामाला राहतं, ४.३ ला ७४ टक्के आणि ३.६ ला ९३ च्या पुढे. यीस्ट आणि बुरशीवर चांगलं चालतं, बॅक्टेरियांवर तितकं नाही, पण आमचा शत्रू यीस्टच होता. चौथ्या प्रकारात तेच होतं.

ताईंना अजूनही मनात टोचत होतं, "पण हे केमिकलच ना?" हे मी हसण्यावारी नेणार नाही, ग्राहकाची भीती खोटी नसते. सॉर्बिक आम्ल १८५९ साली पहिल्यांदा रोवन नावाच्या झाडाच्या फळांतून वेगळं केलं गेलं. बेन्झोइक आम्ल क्रॅनबेरीत आणि दालचिनीत आपसूकच असतं. बाजारातलं कारखान्यात बनतं, पण रेणू तोच, शरीराला त्याचा जन्मदाखला दिसत नाही. त्याच वेळी ‘काहीच होत नाही’ असंही म्हणायचं नाही. युरोपची अन्नसुरक्षा संस्था बेन्झोएटसाठी दिवसाला शरीराच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम मर्यादा सांगते. १५ किलोच्या मुलाला म्हणजे ७५. जुन्या रेसिपीच्या २०० मिलीत २४ होते. एक बाटली ठीक, तीन बाटल्या प्यायला तर त्या पोराची दिवसाची जागा जवळजवळ भरलीच, सॉस आणि इतर पाकिटं वेगळी. सॉर्बेटची मर्यादा त्याच संस्थेच्या २०१९ च्या आकड्याने ११ आहे, म्हणजे जागा जास्त, पण अमर्याद नाही. नैसर्गिक गोष्टींनाही असाच हिशोब लागतो. मांस टिकवायला ‘नायट्राइट घातलेलं नाही’ म्हणून सेलरीची पावडर वापरतात, त्यातल्या नायट्रेटचं जंतूंकरवी नायट्राइटच करून घेतात, आणि मग नायट्राइटचे फायदे-तोटे दोन्ही तसेच्या तसे आले.

शेवटी ठरलं ते असं. लिंबू परत वाढवलं, गाजर निम्मं केलं, पीएच ३.६ च्या वर गेला तर बॅच भरायचीच नाही, मीटर घेतला आणि तो रोज बफरने तपासायचा. आंबटपणा मुलांना टोचू नये म्हणून साखर आणि आलं थोडं हलवलं, पाच-सहा वेळा करून बघावं लागलं. २०० मिली प्रिझर्व्हेटिवशिवाय. १ लिटरमध्ये सॉर्बेट, लेबलवर नाव आणि नंबर २०२ सकट. मध कायमचा बाद. ‘केमिकल फ्री’ दोन्ही बाटल्यांवरून काढलं. छोट्या बाटलीवर आता "प्रिझर्व्हेटिव घातलेला नाही, उघडल्यावर लगेच संपवा" एवढंच आहे आणि मोठीवर "उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, ७ दिवसांत संपवा". चाचणीत तीन आठवडे टिकली तरी ७ च लिहिले, कारण लोक बाटलीला तोंड लावून पितात आणि आमच्या चाचणीत कुणी तोंड लावलं नव्हतं.

काही ग्राहक मोठ्या बाटलीवर सॉर्बेट वाचून गेले. ताई त्यांना छोटी बाटली सुचवतात, काही घेतात, काही नाही. नळाची वॉशर दर आठवड्याला उघडली जाते आणि वहीत तारीख, पीएच, भरतानाचं तापमान आणि ज्याने नळ धुतला त्याची सही असते. ती दहा महिन्यांच्या बाळाची आई अजून ग्राहक आहे, स्वतःसाठी छोट्या बाटल्या घेते, आणि दर वेळी ताई तिला न चुकता बाळाचं वय विचारतात.